उमेयामाची शिळा

शिमग्याला मुंबईकर गावी आले की पासलीत गावकीची बैठक बसते. वेल्हे तालुक्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या, या टोकाला एरवी घरात म्हातारीकोतारी आणि शाळेतली पोरं. कर्ती माणसं मुंबईला नाहीतर पुण्याला. म्हणून देवळाच्या पत्र्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळे विषय शिमग्यावर ठेवलेले असतात. त्या वर्षी यात्रेची वर्गणी ठरली, पाइपलाइनवरून थोडी वादावादी झाली, आणि माणसं उठायच्या बेतात असताना बायकांत मागं बसलेली एक म्हातारी पुढं आली. तिनं पदराची गाठ सोडून नोटांची घडी मारुतीच्या पायरीवर ठेवली.

"सात हजार हायती," ती म्हणाली. "दोन शेरडं इकली, बाकीचं पगारातलं." पगार म्हणजे निराधार योजनेचे महिन्याचे पैसे. "येश्टीच्या थांब्यापाशी डागदरांच्या नावाचा धोंडा बसवा. माझं डोळं मिटायच्या आत."

कुठले डॉक्टर, हे जुन्या माणसांना सांगावं लागलं नाही. पासलीच्या पुढं केळद, केळदच्या पुढं मढे घाट, आणि घाट उतरला की महाडची हद्द. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून उमरठला याच वाटेनं नेला, असं इथली माणसं सांगतात. घाटाखालच्या एका गावात एक एल.सी.पी.एस. झालेले डॉक्टर राहत. गाडीरस्ता नव्हता त्या काळात ते पिशवी खांद्याला लावून घाट चढून वर येत. म्हातारीचं पहिलं बाळंतपण आषाढात अडलं होतं. दोन रात्री झाल्या, सुईणीनं हात टेकले. दीर रात्रीच घाट उतरून गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर इरलं पांघरून दारात उभे राहिले. त्यांनी चुलीवर भाताच्या टोपात आपली हत्यारं उकळली, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला आणि कामाला लागले. बाई वाचली, पोर वाचलं. पैशांचं विचारलं तर म्हणाले, भाकरी वाढा, घाट उतरायचाय. अशी घरं पासलीत एक-दोन नव्हती.

मग अडचण काय होती? अडचण अशी की डॉक्टर वारल्यावर काही वर्षांनी त्यांच्या गावाशी पासलीकरांचा कुरणावरून वाद झाला. गुरं कोंडवाड्यात गेली, दोन्हीकडची डोकी फुटली, महाड आणि भोरच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षं खेटे झाले. ज्यांनी त्या खटल्यात जमीन गहाण टाकली ती माणसं समोरच बसली होती.

त्यांतले एक तात्या उठले. "डॉक्टर देवमाणूस, न्हाई कोण म्हणतंय? पण ज्या गावानं आमाला कोर्टाची पायरी दाखवली, त्या गावच्या माणसाचं नाव आमच्या येशीत कशापायी?"

दुसरा म्हणाला, "माणूस जाऊन तीस वर्सं झाली. त्यांचं कुणी हितं येत न्हाई. बघणार कोण?"

तिसऱ्यानं हिशेब मांडला. सात हजारांत दगड येईल, कोरूनही होईल. पण आणायचा कसा, चौथरा कोण बांधणार? त्यावर मुंबईच्या एका पोरानं तोड काढली की खाली देणगीदारांची नावं घालू, पाच हजारांच्या वरची. वर्गणी चुटकीसरशी जमेल. मग कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावर पंधरा मिनिटं गेली. म्हातारी उभीच होती.

तेव्हा गुरुजी बोलले. पस्तीस वर्षं आसपासच्या शाळांत इतिहास शिकवलेला माणूस. बैठकीत सहसा बोलत नसत. "बसा जरा," ते म्हणाले. "एक गोष्ट सांगतो. घडलेली आहे. ती ऐका, मग काय ते ठरवा."

१९०५ साल. मे महिन्यात त्सुशिमाच्या समुद्रात जपानी आरमारानं रशियाचं आरमार बुडवलं. आशियातला एक देश युरोपातल्या बड्या सत्तेला हरवू शकतो, ही बातमी पुण्या-मुंबईत लोकांनी सणासारखी वाचली. आपल्याकडं ते वंगभंगाचं आणि स्वदेशीचं वर्ष होतं. तिकडं व्हिएतनाममध्ये फ्रेंचांचं राज्य होतं. त्यांनी त्या देशाचे तीन तुकडे केले होते आणि मीठ, दारू, अफू या तिन्हींचा मक्ता सरकारकडं ठेवला होता. मिठाचं दुखणं आपल्याला सांगायला नको.

त्या देशातल्या न्गे आन प्रांतात फान बोय चाऊ नावाचा एक विद्वान होता. जन्म १८६७ चा. त्यानं ठरवलं की जपानकडून बंदुका आणायच्या आणि फ्रेंचांना हाकलायचं. १९०५ च्या सुरुवातीला तो चोरून देशाबाहेर पडला आणि जपानला पोचला. जपानी भाषेचं एक अक्षर बोलता येत नव्हतं. पण चिनी लिपी दोन्हीकडच्या शिकलेल्या लोकांना येत असे, म्हणून समोरासमोर बसून कागदावर ब्रशनं लिहायचं, समोरच्यानं उत्तर लिहायचं, असं त्याचं बोलणं चाले. योकोहामात परागंदा होऊन राहिलेले चिनी सुधारक लियांग छीचाव त्याला भेटले, त्यांच्यामुळं ओकुमा शिगेनोबू आणि इनुकाई त्सुयोशी हे जपानचे बडे पुढारी भेटले. ओकुमा म्हणजे माजी पंतप्रधान, वासेदा विद्यापीठाचे संस्थापक. बंदुका मिळणार नाहीत, असं त्याला सांगण्यात आलं; आधी तुमची पोरं शिकवा, ती इकडं आणा.

फाननं ते मनावर घेतलं. व्हिएतनाममधून पोरं जहाजांच्या पोटात लपून, हाँगकाँगमार्गे टोकियोला येऊ लागली. घरच्यांनी शेत विकून, सोनं मोडून पैसे पाठवले. १९०८ पर्यंत अशी दोनशेच्या आसपास पोरं तिथं शिकत होती. या चळवळीला त्यांनी डोंग-दू म्हटलं, म्हणजे पूर्वेकडं जाणं.

"गुरुजी, आपलं कुणी गेलं व्हतं का तिकडं?" एका पोरानं विचारलं.

गेले होते की. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच सुमारास जपानला गेले आणि तिथून पुढं अमेरिकेला. तळेगावच्या पैसाफंड काच कारखान्यात काम शिकवायला जपानमध्ये काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय होते. अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती पुढं टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि १९१६ साली त्यांनी आपलं महिला विद्यापीठ काढलं. पण गुरुजींना सांगायचं होतं ते वेगळंच. त्यांनी देवळाच्या दारातून तोरण्याकडं हात केला.

"या गडावर ज्यांनी स्वराज्याचं पहिलं तोरण बांधलं, त्या महाराजांचा उत्सव एप्रिल १९०७ मध्ये टोकियोत झाला."

बैठक एकदम शांत झाली. आपल्या डोंगराचं नातं इतक्या लांब लागलेलं या माणसांनी कधी ऐकलं नव्हतं. खरं तर महाराष्ट्रातही ही हकीकत फार थोड्यांना माहीत आहे, आणि ती सांगायला हवी. टोकियोतल्या हिंदी मंडळींनी शिवाजी उत्सव भरवला. परागंदा चिनी क्रांतिकारक आणि थोर पंडित झांग बिंगलिन त्याला आले आणि त्यांनी आपल्या 'मिनबाओ' या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त लिहिला. पाहुणे म्हणून ओकुमा आले होते. परक्या सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या राजाच्या उत्सवात ते भाषणाला उठले, आणि त्यांनी हिंदी तरुणांना उपदेश काय केला? इंग्रजांना दोष देऊ नका, आपल्या समाजाची सुधारणा करा. झांग बिंगलिन यांना ते इतकं लागलं की त्यांनी त्यावर खरमरीत लिहिलं.

ओकुमा तसं का बोलले, याचा अंदाज तेव्हाच्या करारांवरून येतो. जपानचा इंग्रजांशी १९०२ पासून करार होता आणि १९०५ मध्ये तो नव्यानं करताना हिंदुस्थानातले इंग्रजांचे हितसंबंध त्यात मान्य केलेले होते. फ्रेंचांशी तसाच करार जून १९०७ मध्ये, म्हणजे त्या उत्सवानंतर दोन महिन्यांत झाला. जपानला पॅरिसच्या बाजारातून कर्ज हवं होतं, फ्रेंचांना इंडोचायना निर्धोक हवा होता. तुमच्या वसाहतीला आम्ही हात लावणार नाही, आमच्या प्रदेशाला तुम्ही लावू नका. गुलाम देशांतली पोरं ज्या दिव्याकडं बघून समुद्र ओलांडून आली होती, त्या दिव्यातलं तेल असं विकलं गेलं. मला या साऱ्या प्रकरणात राग येतो तो इथं. सरकारनं बंदुका दिल्या नाहीत, हे समजू शकतं. पण आधी पोरं बोलवायला लावायची आणि मग त्यांच्यावर कर्ज काढायचं, हे समजण्यापलीकडचं आहे.

फ्रेंचांनी व्हिएतनाममध्ये त्या पोरांच्या आईबापांना धरलं, धमकावलं, पोराला परत बोलवा म्हणून पत्रं लिहायला लावली. पैशांची वाट बंद झाली. १९०८ च्या शरदात जपानी पोलिसांनी वसतिगृहात येऊन फर्मान काढलं की पांगा. थंडी तोंडावर, परतीच्या जहाजाला पैसा नाही, खायला नाही. ओकुमा-इनुकाईंच्या ओळखीतून जे मिळालं ते पुरण्यासारखं नव्हतं.

त्या पोरांत न्गुयेन थाय बात नावाचा एक होता. तो फानला म्हणाला, माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, त्यांना लिहून पाहा.

ही ओळख कशी झाली होती तेही ऐका. बात जपानला आला तेव्हा त्याच्या खिशात काही नव्हतं. उपाशीतापाशी रस्त्यावर हिंडताना तो असाबा साकितारो नावाच्या डॉक्टरांना दिसला. डॉक्टरांनी त्याला घरी नेलं, ठेवून घेतलं आणि टोकियोच्या शाळेत त्याची फी भरली. हे असाबाही १८६७ चेच, फानच्या वयाचे. शिझुओका प्रांतातल्या उमेयामा गावचे. टोकियोच्या विद्यापीठात वैद्यकी शिकले, पण स्वतःच्या दुखण्यामुळं मोठ्या जागा सोडून ओदावाराजवळ कोझूला लहानसा दवाखाना घालून बसले होते. राजकारणात नाव नाही, दरबारात ओळख नाही.

फाननं कधी न पाहिलेल्या या माणसाला पत्र लिहिलं. लिहिताना लाज वाटली असणार. मागणं सोपं नसतं. उत्तर आलं ते पैशांसह: १,७०० येन. त्या काळी तिथल्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला महिन्याला १८ येन मिळत. म्हणजे मुख्याध्यापकाचा जवळजवळ आठ वर्षांचा पगार. सोबतच्या चार ओळींत उपदेश नव्हता, अट नव्हती, पावती मागितलेली नव्हती. सध्या जवळ एवढेच आहेत, लागले तर पुन्हा कळवा, एवढाच त्यांचा अर्थ.

"पुन्हा कळवा म्हनला?" म्हातारी मधेच बोलली. ती आता खाली बसली होती. "आमचंबी डागदर जाताना त्येच म्हनायचं. लागलं तर सांगावा धाडा."

त्या पैशांनी पोरांचं निभावलं. मार्च १९०९ मध्ये फानलाच जपाननं हद्दपार केलं. आधी तो कोझूला जाऊन डॉक्टरांचा निरोप घेऊन आला. पुढची वर्षं हाँगकाँग, सयाम, चीन अशी वणवण. १९१२ मध्ये त्यानं कँटनला व्हिएतनाम क्वांग फुक होय ही संघटना काढली, १९१४ मध्ये तिथल्या सुभेदारानं त्याला तुरुंगात टाकलं, १९१७ मध्ये तो सुटला. सुटल्यावर तो जपानला आला आणि डॉक्टरांकडं गेला.

डॉक्टर तिथं नव्हते. सप्टेंबर १९१० मध्येच वारले होते. वय त्रेचाळीस. ज्याच्या पैशावर पोरांचं निभावलं, त्याची पुन्हा भेट झालीच नाही.

फानच्या मनानं घेतलं की या माणसाच्या गावात त्याच्या नावाची शिळा उभारायची. पण हा देश नसलेला माणूस, तुरुंगातून आलेला. एका सोबत्याला घेऊन तो १९१८ साली उमेयामाला गेला तेव्हा दोघांकडं मिळून १२० येन होते. चौकशी केली तर दगड आणि कोरणावळ यांतच १०० येन जाणार, आणि दगड वाहून आणून उभा करायला तेवढेच आणखी. तो गावच्या मुख्याकडं, आपण सरपंच म्हणू, त्याच्याकडं गेला आणि म्हणाला, एवढे ठेवून घ्या, उरलेले मी जमवून आणतो.

सरपंचानं त्याला जाऊ दिलं नाही. आपल्या घरी ठेवून घेतलं. शाळेत पालकांची सभा बोलावली आणि गावाला सांगितलं की आपल्या गावच्या माणसानं परक्यांसाठी असं केलं, आणि ते परके ते फेडायला समुद्रापलीकडून आलेत. आपण नुसते बघत राहायचं का? गावानं पैशांची वर्गणी काढली नाही. माणसांनी हात दिले. दगड ओढून आणला, चौथरा केला, उभा केला. जोरिनजी या बौद्ध मंदिराच्या आवारात, पुरुषभराहून कितीतरी उंच. हे सगळं फाननं आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

"दगडावं नावं कुनाची घातली?" म्हातारीनं विचारलं.

"डॉक्टरांची थोरवी लिहिली. आम्ही संकटात होतो, यांनी परतफेडीची आशा न धरता हात दिला, आमचं काम व्हायच्या आत हे गेले, असा मजकूर. खाली व्हिएतनामच्या त्या संघटनेचं नाव."

"आन दगड वडणाऱ्यांची?"

"मजकुराखाली नाहीत."

देणगीदारांच्या यादीवर बोलणारं पोरगं खाली बघू लागलं. तात्या मात्र हलले नव्हते. उलट त्यांनी नेमका प्रश्न विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता. "गुरुजी, त्या जपान्यांनी पुढं त्यास्नी सोडलं का? लढाईत त्यांनीच तो मुलूख घेतला, आसं आमी ऐकलंय. मग त्या दगडाला काय किंमत ऱ्हायली?"

गुरुजींनी टाळलं नाही. सप्टेंबर १९४० मध्ये जपानी फौजा उत्तर व्हिएतनाममध्ये घुसल्या. फान तेव्हा ह्युए शहरात फ्रेंचांच्या नजरकैदेत होता. १९२५ साली शांघायमध्ये पकडून त्याला आणलं होतं, तेव्हापासून. ज्या जपानकडं त्यानं आपली पोरं नेली, त्याची फौज आपल्या देशात शिरल्यावर साधारण पाच आठवड्यांनी, २९ ऑक्टोबर १९४० ला तो वारला. जपानी सेनापतींनी फ्रेंचांना हाकललंही नाही. त्यांच्याच कचेऱ्यांतून साडेचार वर्षं राज्य चालवून घेतलं आणि मार्च १९४५ मध्ये उघड सत्ता घेतली. सैन्यासाठी भात वसूल झाला, भाताच्या शेतांत ताग लावायला लावला, त्यात पूर आणि वाहतूक तुटलेली. १९४४-४५ च्या दुष्काळात उत्तरेकडच्या रस्त्यांवर माणसं मरून पडली. मेलेल्यांच्या आकड्यावर वाद आहे. हो ची मिन्ह यांनी सप्टेंबर १९४५ च्या स्वातंत्र्याच्या घोषणेत वीस लाखांहून जास्त म्हटलं. आपल्या बंगालात १९४३ ला जे झालं, त्याचंच हे भावंड.

"आता सांगा, तात्या," गुरुजी म्हणाले, "त्या वीस लाखांचा हिशेब कुणाकडं मागायचा? कोझूच्या डॉक्टरांकडं? दगड ओढणाऱ्या उमेयामाच्या माणसांकडं?"

तात्या गप्प.

"आणखी एक ऐका. १९१५ साली आपल्या रासबिहारी बोसांना जपानातून बाहेर काढायचा हुकूम निघाला. पंतप्रधान कोण? तेच ओकुमा. आणि त्या वेळी त्यांना आपल्या घरात लपवून कुणी ठेवलं? शिंजुकूतल्या नाकामुराया नावाच्या पावाच्या दुकानाच्या मालक-मालकिणीनं. सोमा आडनावाचं जोडपं. सरकार इंग्रजांच्या बाजूला, पाववाले बोसांच्या बाजूला. देश एकच, भाषा एकच. व्हिएतनामच्या लोकांनी १९४५ विसरलं नाही, विसरूही नये. आणि असाबांनाही विसरले नाहीत. दोन वेगळी खाती आहेत ती. तुम्ही कोर्टात ज्यांच्याशी लढलात त्यांच्याशी हवं तर अजून लढा. पण तुमच्या थोरल्या बहिणीला धनुर्वात झाला तेव्हा इथं कोण बसलं होतं, तेवढं सांगा."

तात्यांनी ते सांगितलं नाही. बैठक त्या दिवशी ठरावाशिवायच उठली. माणसांच्या मनातलं काही एका गोष्टीनं धुऊन निघत नाही, आणि कोर्टात दहा वर्षं घालवलेल्या माणसाचं तर नाहीच.

पण पाडव्याच्या आत दगड आला. वेल्ह्याच्या एका पाथरवटानं तो म्हातारीच्या सात हजारांत घडवून दिला. आणायला ट्रॅक्टर लागला तो तात्यांच्या थोरल्या मुलानं काढला. डिझेलचे पैसे त्याला द्यायला गेले तर म्हणाला, बा नं सांगितलंय, घ्यायचे नाहीत. चौथऱ्याला वाळू ओढ्यातून बायकांनी पाट्यांनी वाहिली. मुंबईची पोरं दोन दिवस जास्तीची रजा टाकून थांबली. सगळेच आले असं नाही. खटल्यात जमीन गेलेलं एक घर आलं नाही. त्यांना कुणी बोल लावला नाही, आणि ते योग्यच झालं. तात्याही दगड उभा करायच्या वेळी आले नाहीत. घाटाखालच्या गावाला आमंत्रण द्यावं का, यावर मतं फुटली, म्हणून ते गेलं नाही.

मजकूर गुरुजींनी लिहिला आणि तीन ओळींत आटोपला. डॉक्टरांचं नाव, त्यांचं गाव, आणि ते घाट चढून येत एवढंच. गावाचं नाव घालू नये असा एकाचा आग्रह होता. म्हातारी म्हणाली, गाव न्हाई तर मानूस कुठला? म्हणून गावही राहिलं. देणगीदारांची यादी नाही.

उमेयामाची शिळा आज शंभरीच्या पुढं गेली आहे. ते गाव आता फुकुरोई शहरात आलं आहे, आणि जोरिनजी मंदिराच्या आवारात ती अजून उभी आहे. २०१३ मध्ये जपान आणि व्हिएतनामच्या दूरचित्रवाणी कंपन्यांनी मिळून फान आणि असाबांवर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट केला. मार्च २०१७ मध्ये जपानचे तेव्हाचे सम्राट अकिहितो ह्युएला गेले, तेव्हा फान जिथं नजरकैदेत राहिला त्या घरी गेले. ज्या देशानं १९०९ मध्ये त्याला हाकललं होतं, त्याच देशाचा सम्राट.

टोकियो आणि नागोयाच्या परिसरात आता मराठी माणसं नोकरीनिमित्त राहतात. त्यांना एक विनंती आहे. शिनकानसेननं काकेगावाला उतरावं, तिथून साध्या गाडीनं दुसरं स्थानक फुकुरोई. जोरिनजीत जाऊन ती शिळा पाहावी. आणि गावाकडं परत याल तेव्हा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की आपल्या घराला कधी कुणी परक्यानं हात दिला होता. नाव, गाव सांगतील ते वहीत उतरवून घ्या. ते सांगणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.